विश्वासाच्या वाटेने येणारा घात

इंग्रजीत बेइमानीसाठी शब्दांची वाण नाही. ट्रीझन, ट्रेचरी, बिट्रेयल, डिसलॉयल्टी, इन्फिडेलिटी हे तर वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक असतात. त्यांच्या मागच्या रांगेत एक शब्द गप्प उभा असतो: पर्फिडी. रोजच्या बोलण्यात तो जवळपास येतच नाही. एखाद्या अग्रलेखात, जुन्या कवितेत, युद्धाच्या कायद्यांवरच्या पुस्तकात भेटतो, आणि बहुतेक वाचक मनातल्या मनात 'विश्वासघात' असा अर्थ लावून पुढे सरकतात. अर्थ चुकीचा नाही. पण या शब्दात त्याहून बरंच काही साठलेलं आहे, आणि ते मला इतकं मोलाचं वाटतं की हा शब्द सैल हाताने वापरलेला दिसला की मला राहवत नाही.

आधी त्याच्या सोबतच्या शब्दांकडे पाहू. ट्रीझन, ट्रेटर आणि बिट्रे हे तिघे एकाच घरातले. लॅटिनमधलं 'त्रादेरे' म्हणजे हवाली करणं, हाती सोपवणं. गडाच्या चाव्या शत्रूच्या हाती देणारा तो ट्रेटर. (पुढच्या पिढीच्या हाती सोपवली जाते ती ट्रॅडिशनही याच क्रियापदातून आली आहे.) ट्रेचरीचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या फसवण्याच्या क्रियापदात आहे, ट्रिक हा शब्द तिच्याच नात्यातला. लॉयल हा शब्द तर थेट कायद्यातून आला. लॅटिन 'लेगालिस', म्हणजे कायद्याला धरून असलेला, हे त्याचं मूळ. या सगळ्या शब्दांच्या आसपास विश्वास वावरत असतो, पण त्यांच्या पोटात तो नाही. पर्फिडीच्या पोटात तो आहे.

फरक नीट दिसावा म्हणून दोन सैनिक डोळ्यांपुढे आणू. पहिला रात्री आपली छावणी सोडतो आणि शत्रूला जाऊन मिळतो. तो फितूर झाला; इंग्रजीत त्याचा गुन्हा ट्रीझन. दुसरा आपल्या देशाशी जन्मभर एकनिष्ठ आहे. ऐन लढाईत तो पांढरं निशाण वर करतो. समोरचे बंदुका खाली करतात, त्याला ताब्यात घ्यायला उघड्यावर येतात, आणि तो गोळी झाडतो. या दुसऱ्याला देशद्रोही कुणी म्हणणार नाही. त्याच्या बाजूचे लोक कदाचित त्याचं कौतुकही करतील. पण त्याने केली ती पर्फिडी. ज्याच्याशी आपलं वैर आहे, ज्याला मारायलाच आपण निघालो आहोत, त्याचंही आपण काही देणं लागतो, असं हा शब्द धरून चालतो. मला त्याचं मोल वाटतं ते इथे. मित्राशी इमान राखा, राजाशी राखा, जोडीदाराशी राखा, हे सगळ्याच भाषा सांगतात. शत्रूशीही काही बाबतींत इमान राखावं लागतं, ही गोष्ट एका शब्दात बसवणं सोपं नव्हतं.

मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जातो तो एक वाक्प्रचार: केसाने गळा कापणे. तलवारीला माणूस सावध असतो. केसाला कोण घाबरतं? ज्याची धास्ती घ्यावी असं मनातही येत नाही, त्याचंच पातं होतं. पर्फिडीत नेमकं हेच घडतं. विश्वास तर मोडतोच, पण त्याआधी तो हत्यार म्हणून वापरला जातो. समोरच्याने विश्वास ठेवला नसता तर त्याला मारताच आलं नसतं.

मूळ शब्द लॅटिन 'फिदेस'. भरवसा, दिलेला शब्द, आणि शब्दाला जागण्याचा गुण, हे सगळं त्या एका शब्दात. रोमन लोकांनी फिदेसला देवीच केलं होतं. कॅपिटोल टेकडीवर तिचं देऊळ होतं, आणि परक्या राष्ट्रांशी झालेले करार ब्राँझच्या पत्र्यांवर कोरून त्या परिसरात लावले जात. तिची पूजा करताना पुजारी आपला हात बोटांपर्यंत कापडात गुंडाळून घेत. वचन उजव्या हाताने दिलं जातं, म्हणून फिदेसचं आसन उजव्या तळव्यात आहे अशी समजूत होती, आणि देवीचं आसन उघडं पडू नये, विटाळू नये यासाठी ते कापड. एका शब्दासाठी लोकांनी एवढा सोपस्कार करावा याचं मला फार अप्रूप वाटतं.

या फिदेसचा गोतावळा आपल्याही बोलण्यात पसरलेला आहे. कोर्टकचेरीत करावं लागतं ते ॲफिडेव्हिट, महाविद्यालयातून आणायचं ते बोनाफाइड, परीक्षेच्या आधी हवा असतो तो कॉन्फिडन्स, लग्न ठरलेल्यांना म्हणतात ते फियान्से. राज्यांनी एकमेकांवर विसंबून केलेला करार म्हणजे 'फोएदुस', आणि त्यातून आलेली फेडरल राज्यघटना. झगमगीत, महागड्या गोष्टीला आपण हायफाय म्हणतो, त्यातला 'फाय' हाही फिडेलिटीचाच तुकडा. मूळ आवाजाशी इमान राखणारं यंत्र ते हाय-फाय.

आता पुढचा 'पर'. लॅटिनमध्ये 'पेर' या उपसर्गाचे दोन स्वभाव आहेत. एक मोडणारा, वाकवणारा: शपथ मोडली की पर्जरी, सरळ ते वाकडं केलं की पर्व्हर्ट. त्या हिशेबाने पर्फिडी म्हणजे मोडलेला विश्वास. दुसरा स्वभाव साधा आहे: 'च्या वाटेने', 'च्या द्वारे'. लॅटिनमध्ये 'पेर फिदेम देकिपेरे' असा एक प्रयोग होता, विश्वासाच्या वाटेने फसवणं. काही कोश पहिला अर्थ पुढे करतात, काही दुसरा. माझा कल दुसऱ्याकडे आहे. मोडलेला विश्वास तर सगळ्याच बेइमानीत असतो. विश्वासाच्या वाटेने चालत येणारा घात हे मात्र या शब्दाचं वेगळेपण आहे आणि पुढे कायद्यानेही त्याला नेमक्या याच अर्थाने उचललं. इंग्रजीत तो फ्रेंचमार्गे १६व्या शतकाच्या अखेरीस आला.

फिदेसला आणखी एक पदर आहे. पुढे ख्रिस्ती धर्माच्या लॅटिनमध्ये तो शब्द 'श्रद्धा' या अर्थाने स्थिरावला. इंग्रजी फेथमध्ये हे दोन्ही अर्थ अजून शेजारी नांदतात, आणि म्हणूनच जोडीदाराशी बेइमानी ती इन्फिडेलिटी, तर परधर्मीय माणूस तो इन्फिडेल. आपल्याकडे 'इमान'ने हाच प्रवास उलट्या दिशेने केला. अरबीत ईमान म्हणजे धर्मश्रद्धा. मराठीत आल्यावर त्यातली श्रद्धा मागे पडली आणि निष्ठा, सचोटी उरली. कुत्र्यालाही आपण इमानी म्हणतो ते त्याचा धर्म विचारून नव्हे. त्याच अरबी धातूतून अमानत आली, जी मराठीत अक्षरं उलटसुलट होऊन अनामत झाली: विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली रक्कम. बेइमान आणि पर्फिडियस हे दोन शब्द एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी दोघांची घडण अगदी सारखी आहे. श्रद्धा आणि निष्ठा एकाच शब्दात राहिल्या की काय अनर्थ होऊ शकतो, ते पुढे येईलच.

रोमन लोकांच्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. पहिली फालेरी या शहराची. रूढ कालगणनेप्रमाणे इसवी सनापूर्वी ३९४ मध्ये कॅमिलस या रोमन सेनापतीने त्याला वेढा घातला होता. तिथल्या सरदारांची मुलं शिकवणारा गुरुजी मुलांना रोज तटाबाहेर फिरायला नेई. एके दिवशी तो त्यांना चालवत थेट रोमन छावणीत घेऊन आला आणि म्हणाला, ही मुलं घ्या, शहर आपोआप तुमचं. कॅमिलसने त्या गुरुजीचे हात मागे बांधले, मुलांच्या हातात छड्या दिल्या आणि त्यांच्याकडून त्याला मारत शहरात परत पाठवलं. रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासात पुढे असं आहे की हे पाहून फालेरीने स्वतःहून शरणागती दिली. गोष्ट रोमनांनी स्वतःच्या गौरवासाठी सांगितली आहे, त्यात किती मीठमसाला आहे कोण जाणे. पण आईबापांनी ज्याच्या हाती मुलं विश्वासाने दिली त्याने ती तशीच शत्रूपुढे उभी करावी, यात 'त्रादेरे' आणि 'पेर फिदेम' दोन्ही एकत्र आले आहेत.

दुसरी गोष्ट मला अधिक आवडते. इसवी सनापूर्वी २१६ मध्ये कानीच्या लढाईत हॅनिबलने, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या शत्रुराज्याच्या सेनापतीने, रोमन सैन्य जवळजवळ कापून काढलं. हाती लागलेल्या कैद्यांपैकी दहा जणांना त्याने खंडणीची बोलणी करायला रोमला पाठवलं, परत येण्याची शपथ घेऊन. त्यांतला एक जण छावणीबाहेर पडताच काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून आत गेला आणि लगेच पुन्हा निघाला. परत येण्याची शपथ होती ना? मी तर परत जाऊन आलो! रोमच्या सेनेटने खंडणी नाकारली. नऊ जण शब्दाला जागून हॅनिबलकडे गेले, हा दहावा मात्र घरी राहायला पाहू लागला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की सेनेटने त्याला बांधून हॅनिबलकडे रवाना केलं. पुढे रोमन विचारवंत सिसेरोने या प्रसंगावर लिहिताना म्हटलं आहे की चलाखीने शपथेची गाठ सुटत नाही, उलट आवळली जाते. शब्दाच्या अक्षराला चिकटून त्याचा जीव घेणाऱ्यांना इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

अशा या रोमनांनी 'पर्फिडी'चा शिक्का कुणावर मारला? कार्थेजवर. 'पूनिका फिदेस', म्हणजे कार्थेजी इमान, हा लॅटिनमध्ये बेइमानीसाठी रूढ प्रयोग झाला. हॅनिबलचं वर्णन करताना लिव्ही लिहितो की त्याची पर्फिडी कार्थेजीपेक्षाही वरताण होती. शतकानुशतकं युरोपातली मुलं लॅटिन शिकताना हे वाक्य घोकत आली.

आणि कार्थेजचा शेवट कसा झाला? इसवी सनापूर्वी १४९ मध्ये रोमने निरोप धाडला: घरंदाज कुटुंबांतली ३०० मुलं ओलीस द्या, तुमचं स्वातंत्र्य आणि भूमी तुमच्याकडे राहील. कार्थेजने मुलं दिली. मग रोमन सैन्य आफ्रिकेत उतरलं आणि म्हणालं, शस्त्रं द्या. कार्थेजने २ लाख सैनिकांना पुरतील एवढी शस्त्रास्त्रं आणि २००० दगडफेकी यंत्रं गाड्यांवर लादून आणून दिली. हात रिकामे झाल्यावर तिसरा हुकूम आला: शहर सोडा, समुद्रापासून ८० स्टेडियम, म्हणजे सुमारे १५ किलोमीटर, आत जाऊन राहा, हे शहर आम्ही पाडणार आहोत. समुद्रावर जगणाऱ्या लोकांना हे सांगितलं गेलं. भूमी तुमची राहील असं वचन दिलं होतं, शहर राहील असं कुठे म्हटलं होतं, असा त्यावरचा युक्तिवाद. छावणीत परत जाऊन आलेल्या त्या दहाव्या कैद्याचीच ही चलाखी, आणि या वेळी ती खुद्द सेनेटची होती. कार्थेज नि:शस्त्र अवस्थेतून उठून ३ वर्षं लढलं आणि १४६ मध्ये राख झालं. वाचलेल्यांना गुलाम म्हणून विकण्यात आलं.

कार्थेजचं वाङ्मय आपल्यापर्यंत पोहोचलं नाही. मागो नावाच्या लेखकाचा शेतीवरचा ग्रंथ सेनेटने लॅटिनमध्ये करवून घेतला, आणि त्याचेही तुकडेच उरले. त्यामुळे 'रोमन इमान' असा एखादा शब्दप्रयोग त्या भाषेत होता का, हे विचारायला कुणी शिल्लक नाही. ज्यांच्या लेखण्या उरल्या त्यांनी शब्द वाटले. पर्फिडी हा शब्द कुणीही कुणाला चिकटवलेला दिसला की मी म्हणूनच आधी लिहिणारा कोण ते पाहते.

'पर्फिडियस आल्बियन', म्हणजे दगाबाज इंग्लंड, हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध शिक्का. तो फ्रेंचांनी घडवला. बोस्युए या बिशपने १७व्या शतकातच एका प्रवचनात इंग्लंडला पर्फिड म्हटलं होतं, मार्की द शिमेनेसने १७९३ मधल्या कवितेत आल्बियन हे जुनं नाव त्याला जोडलं, आणि नेपोलियनच्या काळात ते घोषवाक्य झालं. इंग्रजांनी पुढे ते स्वतःविषयी कौतुकाने मिरवलंही. एखाद्या बलाढ्य राष्ट्राला असं विशेषण लागलं तर त्याचं फार बिघडत नाही.

दुबळ्यांना लागलं की काय होतं, ते ज्यूंच्या बाबतीत दिसतं. गुड फ्रायडेच्या कॅथलिक उपासनेत निरनिराळ्या लोकांसाठी प्रार्थना म्हटल्या जातात. त्यांत 'पेरफिदिस' ज्यूंसाठी एक प्रार्थना शतकानुशतकं होती. चर्चच्या जुन्या लॅटिनमध्ये 'पेरफिदुस' हा 'फिदेलिस'च्या, म्हणजे श्रद्धावंताच्या, विरुद्ध होता. अर्थ एवढाच, की ज्यांनी आमची श्रद्धा स्वीकारली नाही ते. पण प्रार्थनेची पुस्तकं जेव्हा लोकभाषांत आली तेव्हा शब्दाचा दुसरा अर्थ पुढे झाला, आणि सामान्य माणसाने दर वर्षी देवळात ऐकलं ते 'दगाबाज ज्यू'. इतर प्रार्थनांना गुडघे टेकायचे, या एकीला टेकायचे नाहीत, अशीही रीत होती. श्रद्धा आणि निष्ठा एकाच शब्दात राहिल्याचा अनर्थ तो हा.

तो शब्द काढा म्हणून आतूनच मागणी झाली होती. १९२६ मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या 'आमिची इस्राएल' या संघटनेत हजारो धर्मगुरू होते, कार्डिनलही होते. त्यांनी ही विनंती केली. उत्तर म्हणून १९२८ मध्ये संघटनाच बरखास्त करण्यात आली. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. जूल इझाक हा फ्रेंच इतिहासकार त्या काळातून वाचला. त्याची पत्नी आणि मुलगी ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीत मारल्या गेल्या. उरलेलं आयुष्य त्याने चर्चच्या शिकवणुकीतला ज्यूद्वेष शोधून दाखवण्यात घातलं. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांना भेटून त्याने या प्रार्थनेचा विषय काढला. त्याच्या वर्षभर आधी व्हॅटिकनने इतकंच मान्य केलं होतं की भाषांतरात 'श्रद्धाहीन' अशा अर्थाचा शब्द वापरायला हरकत नाही. मूळ लॅटिन जागच्या जागी राहिलं. १९५५ मध्ये गुडघे टेकण्याला परवानगी मिळाली. शेवटी १९५९ च्या गुड फ्रायडेला पोप तेविसावे जॉन यांनी तो शब्दच गाळला. १९६३ मध्ये त्यांच्यासमोर उपासना चालू असताना सवयीने कुणाच्या तरी तोंडून जुनं रूप निघालं, तेव्हा त्यांनी उपासना थांबवून ती प्रार्थना नव्या रूपात पुन्हा म्हणायला लावली. दोन महिन्यांच्या आत ते वारले. एका विशेषणासाठी एका मरणपंथाला लागलेल्या माणसाने उपासना थांबवावी, हे मला थोर वाटतं.

तर शब्दाचा असा दुरुपयोग होत असताना, दुसरीकडे त्याला एक कामाची जागाही मिळत होती. १८६३ च्या २४ एप्रिलला, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, संघराज्याच्या सैन्यासाठी युद्धाचे नियम जारी झाले. ते लिहिले होते फ्रान्सिस लीबर या जर्मनीत जन्मलेल्या प्राध्यापकाने. तो स्वतः १८१५ मध्ये नेपोलियनविरुद्ध लढताना जबर जखमी झालेला. त्याचा एक मुलगा दक्षिणेकडून लढताना १८६२ मध्ये मेला होता. दुसऱ्याने उत्तरेकडून लढताना हात गमावला होता. शत्रू म्हणजे कोण, हे त्या घराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या १५७ कलमांपैकी १६वं कलम म्हणतं की लष्करी निकड फसवणुकीला वाव देते, पर्फिडीला देत नाही. फसवणूक चालेल, हे वाचून पहिल्यांदा खटकतं. पण ही रेघ फार विचाराने ओढलेली आहे.

१९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पुरवणी कराराच्या (प्रोटोकॉलच्या) ३७व्या कलमात ती रेघ आणखी ठळक झाली. आज १७० हून अधिक देश त्या कराराला बांधील आहेत. तिथे पर्फिडीची व्याख्याच दिली आहे. युद्धाच्या कायद्याने आपल्याला संरक्षण मिळतं आहे, किंवा आपण समोरच्याला संरक्षण द्यायला बांधील आहोत, असा विश्वास शत्रूच्या मनात मुद्दाम निर्माण करायचा, आणि तो मोडण्याचा हेतू धरून करायचा, ती पर्फिडी. अशा मार्गाने शत्रूला मारणं, जखमी करणं, पकडणं निषिद्ध. वाटाघाटीचं किंवा शरणागतीचं निशाण खोटं दाखवणं, जखमी असल्याचं सोंग करणं, सामान्य नागरिक असल्याचं भासवणं, संयुक्त राष्ट्रांची किंवा तटस्थ देशाची चिन्हं लावणं, ही त्यातली उदाहरणं. आणि लगेच पुढे सांगितलं आहे की गनिमी कावे, वेषांतरित तोफा, लुटुपुटीच्या हालचाली, खोट्या बातम्या यांना बंदी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एक अख्खं पथक हवा भरलेले रबरी रणगाडे आणि ध्वनिवर्धकांवरचे आवाज घेऊन फिरवलं. जर्मन फसले. ते फसले ते आपल्या डोळ्यांवर आणि कानांवर विसंबून. शत्रूने दिलेल्या कुठल्याही वचनावर विसंबून नव्हे. रबरी रणगाड्याने उद्याचा कुणी जखमी माणूस असुरक्षित होत नाही. खोट्या पांढऱ्या निशाणाने होतो, कारण पुढच्या खेपेला जो खरोखर शरण येतो आहे त्याच्यावरही गोळी चालते. पर्फिडीची किंमत बहुतेक वेळा तिसराच मोजतो.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी थोडंसं आयुष्यातून कळलं होतं. माझ्या एका फार वाईट काळात एका जवळच्या व्यक्तीने आस्थेने चौकशी केली. मी सगळं सांगितलं, जे कुणाला सांगितलं नव्हतं तेही. पुढे एका वादात तेच शब्द माझ्याविरुद्ध मांडले गेले, आणि तेव्हा उमगलं की चौकशी त्यासाठीच होती. ते दुःख कालांतराने ओसरलं. राहिलं ते वेगळंच. त्यानंतर ज्या ज्या माणसाने मनापासून 'कशी आहेस?' असं विचारलं, त्याला मी बरीच वर्षं 'ठीक' एवढंच म्हणत आले. त्यांतल्या कुणाचाही काही दोष नव्हता. आजारपणात माझ्या उशाशी बसलेल्या मैत्रिणीलाही मी धड काही सांगू शकले नाही, आणि तिला ते लागलं.

नियमाची खरी कसोटी लागते ती हेतू चांगला असतो तेव्हा. २ जुलै २००८ रोजी कोलंबियाच्या लष्कराने जंगलात फार्क बंडखोरांच्या ताब्यात असलेल्या १५ ओलिसांना एकही गोळी न झाडता सोडवलं. त्यांत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार असताना पळवल्या गेलेल्या इंग्रिड बेतांकूर होत्या. ६ वर्षांहून अधिक काळ त्या कैदेत होत्या. सैनिक मदत संस्थेचे लोक बनून हेलिकॉप्टरने उतरले, बंडखोरांनी ओलीस त्यांच्या स्वाधीन केले, सोबत चढलेल्या दोन बंडखोरांना हवेतच जेरबंद करण्यात आलं. जगभर आनंद झाला, मलाही झाला. मग कळलं की एका सैनिकाने रेडक्रॉसचं चिन्ह लावलं होतं. राष्ट्राध्यक्ष उरीबे यांनी ते कबूल करून रेडक्रॉसची माफी मागितली. १५ माणसं घरी आली, मग एका कापडी चिन्हाचं एवढं काय, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. पण कोलंबियाच्या त्याच जंगलात रेडक्रॉसची माणसं त्या एका चिन्हाच्या भरवशावर, जवळ शस्त्र न ठेवता, जखमींपर्यंत जात होती. सुटकेचा आनंद खरा मानूनही माझं मत असं आहे की ते चिन्ह लावायला नको होतं.

याहून वाईट उदाहरण पाकिस्तानातलं. ओसामा बिन लादेन ॲबटाबादच्या ज्या घरात असल्याचा संशय होता, तिथल्या मुलांचे डीएनए नमुने मिळवण्यासाठी सीआयएने २०११ मध्ये एका स्थानिक डॉक्टरकरवी हेपटायटिस बीच्या लसीकरणाची मोहीम काढली. बातमी फुटली. लसीकरणाविषयी त्या भागांत आधीपासून संशय होताच, आता त्याला पुरावा मिळाला. जून २०१२ मध्ये वझिरिस्तानमधल्या तालिबानी म्होरक्यांनी पोलिओ लसीकरणावर बंदी घातली. त्या वर्षीच्या डिसेंबरात पोलिओचे डोस देणाऱ्या कार्यकर्त्यांना वेगवेगळ्या शहरांत गोळ्या घालण्यात आल्या. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. पोलिओचा जंगली विषाणू आज फक्त पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोन देशांत घर करून आहे, आणि पाकिस्तानात डोस द्यायला निघालेल्या पथकांसोबत अजूनही पोलिसांना चालावं लागतं.

कायद्याच्या व्याख्येत हे बसवायला वकिलांना अडचण येईल. मी याला पर्फिडीच म्हणते. दारात लस घेऊन आलेल्या माणसाला आत घेणं हा आईने टाकलेला विश्वास होता, आणि त्याच वाटेने हेर आत आला. अमेरिकेतल्या १२ सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी जानेवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांना पत्र लिहून याचा निषेध केला. मे २०१४ मध्ये व्हाइट हाउसने त्यांना लेखी कळवलं की सीआयए यापुढे लसीकरणाचे कार्यक्रम किंवा त्यांतली माणसं हेरगिरीसाठी वापरणार नाही. हे वचन मिळालं हे चांगलंच झालं. पण ते एका देशाच्या एका यंत्रणेने, एकाच कामापुरतं दिलेलं आहे. धान्याची पोती घेऊन छावणीत शिरणारा ट्रक, पाण्याचे नमुने घ्यायला आलेली मुलगी, निर्वासितांची नावं लिहून घेणारा कारकून, यांच्यासाठीही ते तितक्याच स्पष्ट शब्दांत लिहून द्यायला हवं, आणि प्रत्येक देशाने द्यायला हवं.